शाफ्टचे चार नट

सोमवारी सकाळी मनरूपा राई गाडीखाली शिरली की नेपाळच्या सीमेवरच्या मानेभंज्यांगच्या बाजारातून जाणाऱ्यांना तिचे फक्त पाय दिसायचे. जाड लोकरी मोजे, त्यावर रबरी चपला, आणि शेजारी जर्मनच्या ताटलीत पाने, वॉशर, तारेचे तुकडे. ओळखीचे लोक त्या पायांशीच बोलायचे. "काय दिदी, आज काय सापडलं?" आणि गाडीखालून उत्तर यायचं, "सापडेल. सापडल्याशिवाय राहत नाही."

गाडी तिच्या वडिलांची. चहाच्या मळ्यांतले गोरे साहेब गेले तेव्हा त्यांच्या लँडरोव्हर मागे राहिल्या, त्यांतली एक वडिलांनी घेतली होती. मनरूपाच्या जन्माआधीची ती गाडी. इंजिन दोनदा बदललेलं, टप चार ठिकाणी ठिगळलेला, पण खालचा सांगाडा अजून मूळचा. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी मुलीला गाडीखाली घेतलं, प्रत्येक नटाला हात लावायला शिकवलं, आवाजावरून काय सुटलंय ते ओळखायला शिकवलं. स्टिअरिंग मात्र कधी हातात दिलं नाही. ती हट्ट धरायची तेव्हा म्हणायचे, "चालवायला जावई आणू की!" आणि खरंच आणला. रणध्वज राई त्या वेळी सांदकफूच्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेवरचा सगळ्यात धीट ड्रायव्हर होता.

ती वाट म्हणजे नदीचं कोरडं पात्र उचलून डोंगराला टेकवून ठेवावं तशी. तेव्हा वरपर्यंत नुसते दगड होते. त्यावरून गाडी दिवसभर हादरत जायची आणि हादरत यायची, आणि जे जे म्हणून पिळून बसवलेलं असेल ते ते उलटं फिरायला लागायचं. प्रत्येक मालकाचा आपला उपाय. कुणी एकावर एक दोन स्प्रिंग वॉशर घाले, कुणी बोल्टाचं टोक हातोडीने चेपून टाके, कुणी आट्यांना ऑइलपेंट फासून वरून नट आवळे, कुणी सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये कोंबे. मनरूपा हे सगळं करायची आणि वर कशावरच विश्वास ठेवायची नाही. नट आवळून झाला की ती नखं रंगवायची लाल पॉलिश घेऊन नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. रेघ तुटली की समजायचं, नट फिरला. दुकानदार हसायचा, "दिदी, बाटल्या नेता, पण नखं तर काळीच!"

हा संशय तिच्या अंगातच होता. दूधवाल्याचं माप ती उलटं करून बघायची. गॅसचं सिलिंडर घरात घेण्याआधी हलवून बघायची. मठातल्या लामाने दिलेला ताईतही उकलून आत खरंच कागद आहे ना, हे तिने बघितलं होतं. याला ती दोष मानत नसे. रणध्वज वर गाडीभर माणसं घेऊन दरीच्या कडेने जायचा, आणि त्या माणसांच्या आणि दरीच्या मध्ये काय होतं? तिने आवळलेले नट. मग संशय नको तर काय हवं?

दोन हिवाळ्यांमागे, सकाळी बुटाची नाडी बांधताना रणध्वज जमिनीवर कोसळला. वाकडं झालेलं तोंड महिन्याभरात सरळ झालं, हातही परत आला. डावा पाय मात्र पुरता आला नाही. काठी टेकत चालायचा, पाऊल बाहेर फेकत. गाडीवर मग बुद्धिमान तामांग आला. खालच्या वस्तीतला तिशीतला माणूस, बोलायला कंजूस, पण पाय असा हलका, की गाडी सुरू झाली हे मागे बसलेल्याला झाडं सरकायला लागल्यावर कळायचं. मनरूपाने पहिल्या हंगामात त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. तिसऱ्या हंगामापर्यंत तिची नजर थोडी ढिली पडली होती.

त्या वर्षी दसैंचा, म्हणजे दसऱ्याचा, टिळा कपाळावर वाळतो न वाळतो तोच पाहुण्यांची रीघ लागली. अशाच एका सोमवारी ती गाडीखाली होती. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट बघितले, रेघा शाबूत. चाकांजवळचे बघितले. एखाददुसरा हललेला, तो नेहमीचाच. मग मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर हात गेला. चार नटांपैकी दोघांच्या रेघा तुटलेल्या. गिअरबॉक्सच्या बुडाशी रबरावर बसवलेला बोल्टही बोटाने हलत होता.

तिला वाटलं, वॉशर मेले असतील. नवे घातले, आवळलं, रेघा ओढल्या. पुढच्या सोमवारी चारही रेघा तुटलेल्या.

तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. दगडांचा रस्ता खालून ठोसे देतो. त्याने पाटे सुटतात, मडगार्ड सुटतात, बॉनेटच्या बिजागऱ्या सुटतात. शाफ्टचे नट सुटतात ते इंजिनाकडून हिसका बसला की. गाडी चढावर जड ओझ्यासकट उभी राहावी, मग धक्का देऊन उचलावी लागावी, असं वारंवार झालं की. आणि बुद्धिमानसारख्या हलक्या पायाच्या माणसाला धक्का द्यायची वेळ कशी येते? गाडीत सहा माणसांपेक्षा जड काहीतरी असतं म्हणून.

काय असतं, हे त्या बाजारात कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्याच्या पलीकडची गटार ओलांडली की नेपाळ. तिकडून मोठ्या वेलचीची पोती तिन्हीसांजेला चोरून इकडे येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी बुद्धिमान किल्ली द्यायला आला. तो रणध्वजला दाजू, म्हणजे दादा, म्हणायचा आणि तिला भाउजू, म्हणजे वहिनी.

"बुद्धे, रस्ता बदललास का?"

"सांदकफूला दुसरा रस्ता कुठाय, भाउजू?"

"माणसं किती होती?"

"सहा. तुम्हीच तर बसवलीत."

"आणि उतरताना?"

"उतरताना तीच सहा. एखादं वर ठेवून यायचं होतं काय?"

तो हसला, पण हसताना त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. मागे दारात रणध्वज वेताच्या मुढ्यावर बसला होता. त्याने पटकन मान खाली घालून काठीच्या टोकाला लागलेला चिखल खरवडायला घेतला. मनरूपाने दोघांनाही बघितलं आणि किल्ली खिळ्याला लावली.

रात्रीचं जेवण करताना मात्र चुलीपाशी तिने विषय काढलाच. "शाफ्ट पुन्हा ढिला झालाय."

"गाडी म्हातारी झाली, बुढी," रणध्वज गुंद्रुकाच्या, आंबवून वाळवलेल्या पाल्याच्या, रश्श्यात भात कालवत म्हणाला. "आपण नाही झालो?"

"म्हातारं माणूस सगळीकडून ढिलं होतं. एकाच सांध्यात नाही होत."

"माझं एकाच पायात झालं."

यावर तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण तो जवळून उठून गेला तेव्हा त्याच्या गळपट्ट्याला डिझेलचा वास आला. दोन वर्षं गाडीला हात न लावलेल्या माणसाच्या गळपट्ट्याला.

"कुठे गेला होतास दुपारी?"

"फिरायला. डॉक्टर म्हणाला ना, चालत राहा."

"डिझेलमधून चाललास?"

"स्टँडवर बसलो होतो. तिथं काय अत्तराचा वास येणार?"

उत्तर बरोबर होतं. पण ते फार लवकर आलं, असं तिला वाटलं. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते एका माणसाचं काम नव्हतं. बुद्धिमान माल आणतो आणि आपला नवरा डोळे मिटून घेतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाटा घेतो. रणध्वजसारखा माणूस असं करेल? पूर्वीच्याने केलं नसतं. पण दोन वर्षं दारात बसून राहिलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय येत असेल, कुणी सांगावं. ती कूस बदलत विचार करत राहिली, आणि शेजारचा घोरत नाही, जागाच आहे, हेही तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायच्या आधी तिने आतून झाडायच्या निमित्ताने सगळी सीटं उचलली. मागे काही नव्हतं. पुढे, ड्रायव्हरच्या सीटच्या फटीत तागाचे धागे अडकले होते. तिने ते ओढून नाकाला लावले. वेलची. धुरात वाळवलेल्या मोठ्या वेलचीचा तो खरपूस वास चुकण्यासारखा नव्हताच. तिने धागे पदराच्या गाठीत बांधले. पोतं मागे असतं तर समजलं असतं. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी माल ठेवतं काय, हा प्रश्न तिच्या मनात आला होता, पण तिने तो बाजूला सारला. हवा तो पुरावा हाती आल्यावर नको तो प्रश्न कोण विचारतो?

त्याच आठवड्यात ती छुर्पी, म्हणजे वाळवलेलं चीज, आणायचं निमित्त करून चित्रेपर्यंत चढून गेली. चित्रे म्हणजे बाजारापासून वर पहिलं ठिकाण. तिथे लामू दिदीचं चहाचं दुकान आहे, आणि वर जाणारी-येणारी प्रत्येक गाडी लामू दिदीच्या खिडकीसमोरून जाते.

"आमची गाडी काल किती उशिरा उतरली गं?" मनरूपाने चहाचा घोट घेत सहज विचारलं.

"उशिरा? चांगलं ऊन होतं की. मी मुळे वाळत घातले होते, ते काढायच्या आधी गेला बुद्धे."

"थांबला होता कुठे?"

"इथं तर नाही थांबला. का गं?"

"काही नाही."

पण काही होतं. चित्र्याहून खाली यायला कितीही सावकाश आलं तरी अर्धा तास पुरतो. काल बुद्धिमान घरी आला तेव्हा दिवे लागले होते. धुकं होतं, म्हणाला होता. मुळे वाळण्याइतकं ऊन, आणि याला धुकं! मनरूपाने चहा अर्धाच ठेवला. लामू दिदी मागून ओरडली, "अगं, छुर्पी राहिली!" पण ती उताराला लागलीही होती.

तरीही ती आणखी काही दिवस गप्प बसली असती, रंगेहात पकडायची वाट बघत. पण शनिवारी गाडी आली, कलकत्त्याचं एक कुटुंब उतरलं, त्यांतल्या आजीबाईंना मनरूपाने स्वतः हात देऊन उतरवलं. आणि सोमवारपर्यंत धीर न धरवल्याने ती लगेच टॉर्च घेऊन खाली शिरली. शाफ्टच्या चार नटांपैकी एक तिथे नव्हताच. नुसता बोल्ट भोकात लोंबत होता. दुसरा नट शेवटच्या दोन आट्यांवर आलेला. आणखी थोडा हादरा बसता, तर शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटला असता. वाटेतल्या टोंगलूच्या चढावर सुटता, तर गाडी मागे कुठे गेली असती, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. आजीबाईंचा हात अजून तिच्या हातात असल्यासारखा वाटत होता. मग तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर सगळ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. गोंबू दाजू, गाड्यांचे नंबर लावणारा म्हातारा, बाकावर बसून पाहुण्यांची वाटणी करत होता. मनरूपा थेट बुद्धिमानसमोर गेली आणि पदराची गाठ सोडून ते तागाचे धागे तिने बॉनेटवर ठेवले.

"हे काय आहे?"

बुद्धिमानने बघितलं. "ताग."

"वास घे."

त्याने घेतला नाही. आसपासचे ड्रायव्हर चहाचे पेले हातात धरून गोळा झाले.

"माझ्या बापाच्या गाडीत वेलची भरतोस? वर माणसं बसवायची, खाली उतरल्यावर पोती भरायची? काल एक नट पडला शाफ्टचा! म्हातारी बाई होती गाडीत! चित्र्याहून ऊन असताना निघतोस आणि अंधारात घरी येतोस, मधला वेळ कुठे असतोस? सांग सगळ्यांसमोर!"

बुद्धिमानचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, आणि मग त्याने रणध्वजकडे बघितलं. रणध्वज गोंबू दाजूच्या शेजारी काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. सगळ्यांनी बघितलं, की बुद्धिमान त्याच्याकडे बघत थांबलाय. रणध्वज जमिनीकडे बघत राहिला.

"बोल की! तोंडाला कुलूप लागलं काय?"

"मी वेलची आणली नाही, भाउजू," बुद्धिमान एवढंच म्हणाला. खिशातून किल्ली काढून त्याने धाग्यांशेजारी ठेवली, हातमोजे काढून कमरेला खोचले, आणि उताराच्या पायवाटेने निघून गेला. एकदाही वळून बघितलं नाही.

"चोर असता तर भांडला असता," गोंबू दाजू हळूच म्हणाला.

"चोर नसता तर बोलला असता," मनरूपा म्हणाली. आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "तू का मूग गिळून बसलास?"

"पाय दुखतोय," रणध्वज म्हणाला.

त्या दिवशी तिने शाफ्टला चार नवे बोल्ट घातले. तिथे दुसरा नट वर चढवायला जागा नव्हती, म्हणून बोल्टांच्या टोकांना भोकं पाडून त्यांतून तार ओवली, पिळली, आणि शाफ्टला आणि गिअरबॉक्सच्या बोल्टाला ताज्या रेघा ओढल्या. गाडी तिने आधीच स्टँडवरच्या एका ड्रायव्हरकडून घराच्या बाजूला लावून घेतली होती. भर हंगामात दुसऱ्यांच्या गाड्या भरून वर जात होत्या आणि तिची गाडी प्लास्टिकखाली झाकून पडली होती. बुधवारी ती नवा ड्रायव्हर शोधायला सुखियापोखरीला गेली. दोघे भेटले. एकाच्या तोंडाला सकाळीच जांडचा, नाचणीच्या दारूचा, वास होता, दुसऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, की मालकीणबाई गाडीची झडती रोज घेतात की आठवड्याने. बाजारातली गोष्ट इतक्या लांब पोचली होती.

पुढच्या सोमवारी ती सवयीने गाडीखाली शिरली. खरं तर गरज नव्हती, गाडी हललीच नव्हती. तिने टॉर्च मारला.

शाफ्टवर तार होती म्हणून नट जागेवर होते, पण तार ताणून बसली होती. आणि गिअरबॉक्सच्या बोल्टावरची रेघ मधोमध तुटली होती.

मनरूपा टॉर्च तसाच धरून पडून राहिली. किल्ली घरात, खिळ्याला. बुद्धिमान आठवडाभर इकडे फिरकला नव्हता. ती स्वतः घराबाहेर होती ती फक्त बुधवारी. तिने मान वळवून चाकांकडे बघितलं. टायरच्या खाचांत लाल माती आणि लाकडाचा भुसा होता. असा भुसा बाजारात एकाच ठिकाणी मिळतो, धोत्रेच्या रस्त्याला लागून जुना लाकूड-डेपो आहे त्या मैदानात. सपाट, मोकळं, सल्लाच्या उंच सूचिपर्णी झाडांमागे लपलेलं मैदान.

मग काठीचा टकटक आवाज आला आणि गाडीच्या कडेला दोन बूट येऊन थांबले. उजवा सरळ. डावा बाहेर वळलेला.

"चहा ठेवलाय," रणध्वज म्हणाला.

ती खालूनच म्हणाली, "क्लच सोडताना पाय थरथरतो ना तुझा?"

बूट हलले नाहीत. वरून आवाज आला. "पहिल्यासारखा नाही थरथरत. आधी तर गाडी उडीच मारायची. आता बंद पडत नाही."

"किती दिवस चाललंय?"

"दसैंच्या आधीपासून. बुद्धे पाहुण्यांना उतरवून झालं की डेपोवर गाडी आणायचा. मी तिथं जाऊन बसायचो. तो शेजारी बसायचा, दाजू हळू, दाजू हळू करत. पाय पोचत नव्हता नीट, म्हणून पाठीमागे पोतं घडी घालून ठेवायचो. डेपोवर पडलेलंच होतं एक."

"वेलचीचं."

"असेल. मी काय वास घेत बसलो होतो?"

ती बाहेर आली नाही. तिला त्याचं तोंड आता बघायचं नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! रोज संध्याकाळी हिसके देऊन शाफ्ट ढिला करायचा आणि सकाळी त्याच शाफ्टवर माणसं वर पाठवायची! तो नट पडला तो तुझ्या पायाने पडला. ती म्हातारी मेली असती तर?"

"नट सुटतात हे मला कळलं नव्हतं. देवाशपथ. तू आवळतेस, म्हणजे ते आवळलेलेच असणार, असं वाटलं."

"आणि तो बुद्धे? त्याला मी चारचौघांत चोर म्हणत होते, तू चार हातांवर बसला होतास."

आता त्याचा आवाज खूप खाली गेला. "त्याने माझ्यापाशी शपथ घेतली होती, की दाजू, तुम्ही सांगेपर्यंत मी सांगणार नाही. आणि तेव्हा सगळे बघत होते, रूपा. म्हातारा लंगडा डेपोवर चोरून गाडी शिकतोय, हे त्या सगळ्यांसमोर... ज्यांना मी गाडी शिकवली त्यांच्यासमोर... जीभच उचलली नाही."

मनरूपा बाहेर सरकली. तिच्या केसांत चिखल होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चहा नको. टोपी घाल."

"कुठे?"

"स्टँडवर."

स्टँडवर गोंबू दाजू होता, सात-आठ ड्रायव्हर होते. दुसऱ्या मालकाच्या गाडीची काच पुसत बुद्धिमानही होता. दोनच दिवसांत त्याला काम मिळालं होतं. रणध्वजने काठीवर भार देऊन सगळं सांगितलं. सांगताना अडखळला, डेपोवर गाडी उड्या मारायची तो भाग गाळायला बघत होता, पण मनरूपाने तोही सांगायला लावला. कुणीतरी फिसकन हसलं. गोंबू दाजूने त्याच्याकडे असं बघितलं, की हसणारा खोकायला लागला. मग मनरूपा पुढे झाली.

"बुद्धे, मी चुकले. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. परत ये गाडीवर."

बुद्धिमानने फडकं पिळलं, घडी घातली. "भाउजू, तुमच्या गाडीखाली झोपायला मला भीती नाही. तुमच्या नजरेखाली बसायची आहे. तीन हंगाम चालवली मी गाडी. एक धागा सापडला आणि तीन हंगाम गेले."

"मग?"

"मग काय. या नव्या मालकांना शब्द दिलाय. हा हंगाम यांचा."

तो रागाने बोलला नाही, त्यामुळे तिला भांडताही आलं नाही. रणध्वजकडे वळून तो म्हणाला, "दाजू, पोतं थोडं खाली सरकवा. पाठ नको, कंबर टेकली पाहिजे." आणि पुन्हा काच पुसायला लागला.

हिवाळा लागला. पाहुणे कमी झाले. मनरूपाने ठरवलं, की चोरून होणार असेल तर उघडच होऊ दे. तीच डेपोवर नवऱ्याशेजारी बसायला लागली. खरं तर ती बसायची नाही, पायाशी वाकून कान लावायची. गाडीने हिसका दिला, की म्हणायची, "हा बसला शाफ्टला. हा गिअरबॉक्सला." रणध्वज वैतागायचा. "असं मोजत बसलीस तर पाय आणखी कापतो!" पण आठवडे गेले तसे हिसके कमी झाले. मैदानात तो चांगला चालवायला लागला.

मग एका स्वच्छ सकाळी त्याने चित्र्याचा चढ घेऊन बघायचं म्हटलं. तिला नको होतं, तरी ती गेली. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर गाडी हळू करावी लागली, क्लच अर्ध्यावर धरावा लागला, आणि त्याचा गुडघा वेलीसारखा हलायला लागला. मनरूपाने काही म्हणायच्या आधीच त्याने हँडब्रेक ओढला.

"दगड लाव चाकाला," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "इथून पुढे माझं नाही."

तिने दगड लावला. दोघे रस्त्याच्या कडेला बसून राहिले. खूप वेळाने खालून एक गाडी आली. तिच्या ड्रायव्हरने यांची गाडी वळवून खाली आणून दिली, कुणाला काही विचारलं नाही. त्यानंतर रणध्वज बाजारापासून डेपोपर्यंत आणि धोत्रेच्या सपाट रस्त्यावर बटाट्याची पोती न्यायचा. माणसं कधी बसवली नाहीत. ते त्याने स्वतःच ठरवलं, आणि स्वतः ठरवल्यामुळे दारातल्या मुढ्यावर तो पुन्हा फारसा बसला नाही.

गुराँसची लाल फुलं वर डोंगरावर दिसायला लागली आणि पुन्हा पाहुणे येऊ लागले, तेव्हा एके दुपारी बुद्धिमान दारात उभा राहिला.

"किल्ली कुठाय, भाउजू?"

रणध्वजचा चेहरा उजळला. तो आत जांडचा तोंगबा, बांबूचा उभा पेला, भरायला गेला. मनरूपा मात्र दाराला टेकून उभी राहिली.

"त्यांच्याकडचं काम का सोडलंस?"

"हंगाम संपला त्यांचा."

"त्यांनी काढलं का?"

"नाही."

"पैसे कमी देत होते?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"मग कशाला आलास?"

बुद्धिमान हसायला लागला. चौथ्या हंगामात पहिल्यांदाच मनरूपा त्याला असं मोकळं हसताना बघत होती. "त्यांच्या गाडीखाली कुणी शिरत नाही, भाउजू. वळणावर मीच उतरून नट चाचपतो. झोप येत नाही."

आतून रणध्वजने हाक मारली, तोंगब्यात गरम पाणी ओतायला. बुद्धिमान बूट काढून आत गेला, आणि मनरूपा दारातच थोडा वेळ उभी राहिली. त्याने सांगितलं ते कारण खरं होतं, की त्याला त्यांनी काढलंच होतं, याची तिला अजूनही खात्री नव्हती. संध्याकाळी गोंबू दाजू भेटला, की त्याला विचारायचं तिने ठरवून टाकलं होतं.